चार हातांनी सुटणारा डबा

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत लग्नं जुळवणाऱ्या बायका पैशाला पासरी होत्या. संपलेलं प्रेम नीट संपवून देणाऱ्या मात्र एकट्या सोडवणमावशी. हे नाव त्यांना भोपाळच्या आमच्या सेक्टरनंच दिलं होतं. कारखान्यात त्या फिक्स्चरची डिझाइनं करत, म्हणजे यंत्र चालू असताना लोखंडाचा तुकडा तसूभरही हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी साधनं. "दिवसभर धरून ठेवण्याचंच काम," त्या म्हणायच्या. "सुटायचं कसं, ते कुणी विचारतच नाही. म्हणून घरी ते करून बघते."

कुणाचं मोडलं की ती मुलगी किंवा तो मुलगा संध्याकाळी मावशींच्या क्वार्टरवर हजर. मावशी सांत्वन वगैरे करत नसत. त्यांना भारी उत्सुकता. भांडण झालं की आधी कोण बोलायचं? फिरायला कुठल्या रस्त्यानं जायचात? सगळे माप घेतल्यासारखे प्रश्न. रोज मैदानाला फेरी मारणाऱ्या एका जोडीला त्यांनी शेवटची फेरी उलट दिशांनी मारायला लावली. समोरासमोर आलं की नमस्कार करायचा आणि थांबायचं नाही. पत्रं-फोटो जाळायला मात्र सक्त मनाई. "जाळलं की नाटक होतं, आणि नाटकाचे पुन्हा पुन्हा प्रयोग लागतात."

त्यांचंही चुकायचं. एका जोडीला त्यांनी फोडायला मडकं दिलं, तर ते कुणी फोडायचं यावरून दोघांची अशी जुंपली की शेजारचे धावत आले. "डिझाइन चुकलं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "एकट्याला जमेल असं काही देताच कामा नये." तेव्हापासून त्यांची प्रत्येक वस्तू चार हातांची झाली.

मग माझी पाळी आली. अविनाश मूळचा इंदूरचा, माझ्याच ऑफिसात. त्याचं मन उडालं, त्यानं तसं सरळ सांगितलं, आणि रोज एकाच बसमध्ये त्याचं तोंड बघणं मला जड जाऊ लागलं. नोकरी सोडून पुण्याला मामाकडे जायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. मावशी म्हणाल्या, "जा हवं तर. पण आधी यातून सूट."

त्यांनी सागवानी डबा केला. दोन अर्धे भाग एकमेकांत घट्ट बसवलेले, दोघांनी एकाच वेळी ओढले तरच सुटणारे. सुटल्यावर प्रत्येक भागाला स्वतःचा तळ, टेबलावर नीट उभा राहील असा. अविनाशलाही त्यांनी बोलावून घेतलं.

"आत काय ठेवायचं?" मी विचारलं.

"काही नाही. ओढण्याआधी दुसऱ्याकडून घेतलेलं एकेक सांगा, जे परत करणार नाही ते."

"स्कूटर चालवणं," मी म्हणाले. ते त्यानंच शिकवलं होतं. अविनाश डब्याकडे बघत म्हणाला, "मैं तो... चूक झाली की लगेच सांगून टाकायला शिकलो यार, तुझ्याकडून."

मग आम्ही ओढलं. डबा सुटेना! भर श्रावण, लाकूड फुगलेलं. लाल होईपर्यंत ओढलं आणि शेवटी दोघांनाही हसू फुटलं. त्या हसण्यानं माझ्या मनात आशा उगवली, खोटं कशाला बोलू? मावशींनी ती बरोबर टिपली. "लाकूड अडलंय, तो नाही अडलेला," त्या मला म्हणाल्या. "हवेतला दमटपणा मी धरलाच नाही. दसऱ्यानंतर या."

तोवर थांबणं भागच होतं. मी त्याच बसनं जात राहिले, आधी रागानं, मग सवयीनं. दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा बसलो आणि डबा एका ओढीत सुटला. अविनाश गेल्यावर मी पोटभर रडले. मावशी समोर बसून होत्या. "कसं वाटलं? खरं सांग, पुढच्यांसाठी हवंय."

"उद्याची बस पकडावीशी वाटतेय," मी म्हणाले. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

निवृत्तीनंतर मावशी भावाकडे नागपूरला निघाल्या. हबीबगंजच्या फलाटावर मी म्हटलं, "मावशी, तुमच्यापासून सुटायला काही केलं नाहीत माझ्यासाठी?"

माप चुकीचं आलं की पाहायच्या, तसं त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "ते मी संपलेल्यासाठी करते. आपलं काय संपलंय?"

गाडी हलली. खिडकीचा गज धरून मी चालत राहिले.

"सोड गं, पडशील!" मावशी ओरडल्या.

गज तेवढा सोडला.