काजू मळणारी कॅनडाची रेकॉर्ड

केरीतल्या एका होमस्टेचा फोटो बघितला आणि मी नवऱ्याला गाडीचे टायर तपासून आण म्हणून सांगितलं. गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाला, समुद्राकाठचं हे गाव. खोली स्वच्छ आहे की नाही, पाणी तापतं की नाही, काही बघितलं नाही. पलंगामागच्या भिंतीवर एक फ्रेम होती आणि त्या फ्रेममध्ये ‘सॉल्ट बार्न पीपल’च्या दुसऱ्या रेकॉर्डचं कव्हर होतं.

हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. कॅनडातल्या बहुतेकांनीही ऐकलेलं नाही. सत्तरच्या दशकात तिथल्या चार जणांनी सायकेडेलिक फोक म्हणतात तसली गाणी केली. मुळात साधी लोकगीतं, पण गाणं मध्येच वाट सोडून धुक्यात शिरतं आणि पाच मिनिटांनी भलतीकडूनच बाहेर येतं. तीन रेकॉर्ड काढून मंडळी पांगली. पहिली मला कोल्हापूरच्या जुन्या बाजारात एका तुटक्या टेबलफॅनखाली सापडली, तिसरी मी टोरंटोहून मागवली. दुसरी अकरा वर्षं शोधत होते. ती इंटरनेटवरसुद्धा नाही, त्यामुळे मी ती कधी ऐकलेलीच नव्हती. सुनील, म्हणजे माझा नवरा, या प्रकाराला ‘तुझी व्याधी’ म्हणतो. तो यायला तयार झाला तो माशांच्या बोलीवर.

मार्चअखेरचा शनिवार. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असे आम्ही पाच तासांत पेडण्यात उतरलो. आंबोलीला चहा घ्या, पण माकडांपासून सावध राहा, आमचा अख्खा बिस्किटपुडा गेला. मागच्या सीटवर माझा सुटकेसवजा प्लेअर सीटबेल्ट लावून बसवला होता. जुनी रेकॉर्ड वाजवून बघितल्याशिवाय मी घेत नाही.

केरीला पोचल्यावर होमस्टेच्या प्रशांतने थंड सोलकढी आणली. मी ग्लास हातात धरूनच विचारलं, “रेकॉर्ड बघू?”

“कव्हर आसा नी भिंतीर,” तो म्हणाला.

“आतली.”

“आतली हांगा ना, वहिनी. ती आमच्या आत्येगेर, लाटंबार्सेंत. मी फकत कव्हर हाडलां, भिंतीर बरां दिसता म्हणून.”

मी फ्रेम उतरवून मागून चाचपली. रिकामं कव्हर. सुनीलने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि प्रशांतला जेवायला काय आहे ते विचारलं. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी होती, तळलेला बांगडाही होता. दोघांचं पोटभर जेवण सातशेच्या आत झालं, आणि खरं सांगते, मला चव लागली नाही.

प्रशांतने जेवताना हकिगत सांगितली. त्याच्या आजोबांकडे एक कॅनडाची मुलगी दोन हिवाळे राहिली होती. जाताना तिने रेकॉर्ड आणि सेलवर चालणारा छोटा प्लेअर त्याच्या आत्याला लग्नाचा आहेर म्हणून दिला. आत्या तो घेऊन सासरी गेली, डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेला.

रविवारी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत सायकलवरून आला. त्याचे गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खाऊन आम्ही तेरेखोलची फेरीबोट पकडली. पायी जाणाऱ्यांकडे कुणी तिकीट मागितलं नाही. पलीकडे किल्ला आहे, तिथून केरीची अख्खी किनारपट्टी दिसते, अर्धा दिवस काढावा अशी जागा आहे. मी चाळीस मिनिटं काढली. सुनील म्हणाला, “तू किल्ला बघत नाहीयेस, घड्याळ बघतेयस.” खरंच होतं ते.

केरीहून पेडणे, कोलवाळ, अस्नोडा करत दीड तासात लाटंबार्से. अस्नोड्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि काजूच्या बागा सुरू होतात. पिकल्या बोंडांचा वास काचा बंद असल्या तरी आत येतो.

आत्या, लक्ष्मीबाई, सत्तरीच्या, साडीचा कासोटा मारून बागेतच उभ्या होत्या. त्यांचा मुलगा उल्हास आणि बेळगावकडचा एक कामगार दगडी चौथऱ्यावर उभे राहून पायांनी काजूची बोंडं मळत होते. मळून रस काढायचा, तो आंबवून, उकळून हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. बोंडांचा ढीग मोठा होता आणि पाय चारच. “माणसां मेळनात आतां,” आत्या म्हणाल्या. “उल्हास फुडल्या वर्सा मशीन हाडटा म्हणता. हाडूं दी. पूण मशिनीकडेन कोण बोलतलो?”

रेकॉर्ड त्यांनी ट्रंकेतून काढली, धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मी ती उजेडात धरली. लेबल शाबूत होतं. बाकी ओरखडे, आणि एका कडेला काजूच्या रसाचा जुना डाग. त्यांचा प्लेअर चार वर्षांपूर्वी बंद पडला होता. त्याआधी दर हंगामात तो त्या चौथऱ्याशेजारी स्टुलावर ठेवलेला असायचा आणि त्या गाण्यांवर बोंडं मळली जायची. शेजारपाजारचे, कोण कोण, गाण्यासाठी म्हणून येऊन पाय मारून जायचे.

मी माझा प्लेअर स्टुलावर ठेवला, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर लावला, सुई टेकवली. अकरा वर्षं. गिटार आली, मग एक जड, दुःखी पुरुषी आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

आत्यांच्या कपाळावर आठी आली. “ह्यो दादलो खंयसून आयलो?”

“हाच गातोय, आत्या. हीच रेकॉर्ड.”

“आमच्या रेकॉर्डीर बाय गायता. बारीक आवाजाची.” त्यांनी चौथऱ्याकडे बोट केलं. उल्हास आणि तो कामगार गाण्याबरोबर पाय उचलत होते आणि चिखलात रुतलेल्या म्हशींसारखे दिसत होते. “ह्या चालीर मळल्यार पावस येतलो, तरी बोंडां सरचीं नात.”

मी ट्रंकेजवळ पडलेला त्यांचा जुना प्लेअर बघितला. वेगाचा खटका पंचेचाळीसवर गंजून बसला होता. कॅनडाच्या त्या उदास माणसाला या घराने पहिल्या दिवसापासून सव्वापटीहून जास्त वेगाने ऐकलं होतं, बाई समजून.

मी माझा खटका पंचेचाळीसवर सरकवला. आवाज चटकन चढला, बासरी उड्या मारायला लागली आणि आत्यांनी साडी गुडघ्यापर्यंत खोवून सरळ चौथऱ्यावर पाय ठेवला. उल्हास हसत सुटला. तासाभरात कुंपणापलीकडून दोघी जणी आल्या, मग एक काका आले, ज्यांनी सकाळीच आत्यांना कंबर दुखते म्हणून नाही सांगितलं होतं. आत्या सुनीलला म्हणाल्या, “जांवय, चपलो काडात.” माझा नवरा, जो घरात पायपुसणंसुद्धा ओलांडून जातो, तो पँट दुमडून काजूत उतरला. मीही उतरले. बोंडं पायाखाली फुटतात तेव्हा आधी गुदगुल्या होतात, मग पोटऱ्या भरून येतात. रेकॉर्ड मी सहा वेळा उलटली. संध्याकाळपर्यंत ढीग संपला.

निघताना आत्यांनी ती माझ्या हातात दिली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. “व्हर गो बाय. प्लेअर मेलो आमचो. ट्रंकेंत आसली काय, तुज्याकडे आसली काय, सारखीच.”

मुक्काम मयेला, तळ्याजवळ. खोली साधी, पण व्हरांड्यातून पाणी दिसतं. तिथे मी रेकॉर्ड तेहतीसवर पूर्ण ऐकली. अप्रतिम आहे. ज्यासाठी अकरा वर्षं घालवली तेच ते होतं, कणभरही कमी नाही. हवं ते मिळालं होतं आणि मी आनंदात नव्हते. सुनील शेजारी बसून काजूने काळे पडलेले तळवे साबणाने घासत होता. डाग जात नव्हते.

“उद्या त्यांच्याकडे परत बोंडांचा ढीग पडणार,” मी म्हणाले.

“पडणारच. हंगाम आहे.”

“आणि तो कंबरवाला काका येणार नाही.”

“नाही येणार,” सुनील म्हणाला. मग साबण खाली ठेवून, “मला वाटलं तू हे जेवणाआधीच बोलशील.”

सोमवारी सकाळी घरची वाट सोडून आम्ही पुन्हा लाटंबार्सेला गेलो. मी माझा प्लेअर त्यांच्याकडेच राहू दे म्हणून स्टुलावर ठेवला, खटका पंचेचाळीसवर केला आणि रेकॉर्ड आत्यांच्या हातात दिली. तिचा डाग माझ्या बाजूला होता, तेवढ्यावरून मी एकदा अंगठा फिरवला.

“आनी तूं?” आत्यांनी विचारलं.

“मी ऐकली, आत्या.”

त्यांनी जरा विचार केला. “पावसांत हांगा बुरशी येता. काजू सरले की येऊन व्हर. काजूक हांगा, पावसाक तुज्याकडे. चलता?”

मी होकाराची मान हलवली: हंगामात त्यांच्याकडे, पावसाळ्यात माझ्याकडे.

परतीला दोडामार्गवरून तिलारी घाट घेतला. चढ उभा आहे, गाडी जुनी असेल तर आंबोलीनेच जा. चंदगडला मिसळ, संध्याकाळी घरी. तीन दिवस, दोघं, पेट्रोल धरून नऊ हजारांच्या आतबाहेर.

कपाटात पहिल्या आणि तिसऱ्या रेकॉर्डच्या मध्ये अजून फट आहे. मला वाटलं होतं ती खुपेल. खुपते, थोडी. पण दुपारी माझ्या दुकानात बसल्या बसल्या मध्येच वाटतं, आत्ता त्यांचा ढीग अर्ध्यावर आला असेल, आणि मग पायाला मुंग्या आल्यासारखं होतं.

काल आमच्या संग्राहकांच्या गटावर एका अनुभवी गृहस्थांनी विचारलं, दुसरी मिळाली असं ऐकतो, खरं का? रेकॉर्डची अवस्था काय आहे? आमच्याकडे याच्या ठरलेल्या श्रेणी आहेत: नवीकोरी, उत्तम, चांगली, बरी, आणि शेवटी फक्त जपून ठेवण्याजोगी. मी सगळ्या वाचल्या. त्यातली एकही लावता येईना, म्हणून सरळ लिहिलं: वापरात आहे.