दस्तगीरच्या हातची गाठ

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, पोराला नाही, आणि देवापुढं बसलो की तिथंही एवढी एक गोष्ट मी गाळून पुढं जातो. आता तुमच्यापाशी बोलतोय, तर जरा मागंपुढं होईल. बाकी कशातही मी तोंडावर बोलणारा माणूस आहे, पण ह्या एका बाबतीत अकरा वर्षं जीभ गप्प बसवलीय.

आधी मी कोण ते ऐका. इस्लामपुराजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर माझी सगळी नोकरी गेली. उसाची ट्रॉली काट्यावर चढायच्या आधीच मी नजरेनं तिचं वजन सांगायचो, आणि ट्रॅक्टरवाली पोरं माझ्याशी चहाची पैज लावून हरायची. तोंडाचा फटकळ, पण काट्याला खोटा नाही — असं माझं नाव होतं. आजही चहाच्या टपरीवर कुणी तसं म्हणालं की बरं वाटतं. वाटायला नको खरं तर. पण वाटतं.

आणि नाद एकच, गळ टाकून बसायचा. शिराळ्याच्या अंगाला डोंगराखाली एक तलाव आहे. कडेला चार बाभळी, बसायला दगड, समोर पाणी. सकाळी सातला जायचं, शेंगदाण्याच्या पेंडीत कणीक मळून गोळ्या करायच्या, एक गळाला लावायची, पाण्यात सोडायची आणि तरंगणाऱ्या मोरपिसाच्या काडीकडं बघत राहायचं. बायको म्हणते, बाजारात पाच मिनिटांत मिळणाऱ्या माशापायी अख्खी सकाळ कोण घालवतं? तिला काय सांगू? मासा मिळाला तर मिळाला. ती काडी जरा थरथरते ना, तेवढ्यासाठी जायचं असतं.

ह्या नादाला मी दस्तगीरला लावलं.

दस्तगीर पटवेकरी. बाजारातल्या एका बोळात त्याचं पाच फुटांचं दुकान. पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून धरायचा, काळे मणी ओवायचा, मधे सोन्याच्या वाट्या घालायचा आणि शेवटी गाठ मारायचा. आसपासच्या गावच्या बायका मंगळसूत्र गाठवून घ्यायला त्याच्याकडंच यायच्या. माझ्या बायकोचं त्याच्या वडलांनी गाठवलेलं, सुनेचं त्यानं. माणूस बोलायला मऊ, हसायला कायम तयार, आणि आयुष्यात ताठा म्हणून एकाच गोष्टीचा. म्हणायचा, "नाना, दोरा तुटंल, पर माझी गाठ सुटायची न्हाई." आणि ते खरं होतं. त्याची गाठ सुटली असं मी कधी ऐकलं नाही.

आठवड्यातून एक दिवस दुकान बंद असायचं, तेवढ्या दिवशी तो माझ्याबरोबर यायचा. काठी कशी धरायची, गळ कसा लपवायचा, मासा ओढायला लागला की दोरा कसा सैल सोडायचा — सगळं त्याला मी शिकवलं. गळाची गाठ तेवढी तो त्याच्या हातानंच मारायचा. आम्ही ज्याला तंगूस म्हणतो तो नायलॉनचा दोरा वाचायलासुद्धा मीच शिकवलं. म्हणजे कसं? मासा सुटून गेला की तंगुसाचं टोक बघायचं. सरळ असेल तर तो ताणानं तुटला. कुरळं असेल तर गाठ सुटली, म्हणजे चूक बांधणाऱ्याची. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर, अकरा वर्षांपूर्वीची सकाळ. मी नुकताच रिटायर झालो होतो. ऊन लवकर तापलं, तर दस्तगीर आपणहून बाभळीखालनं उठला आणि मला सावलीत बसवलं. स्वतः पलीकडच्या उघड्या दगडावर गेला. अर्धा तास झाला असेल, नसेल, त्याची काठी अशी वाकली की टोक पाण्याला लागलं. मासा दिसला नव्हता तरी मला वजन कळलं. चाळीस वर्षं मी गळ टाकत आलो होतो आणि साडेचार किलोच्या वर मला कधी काही लागलेलं नव्हतं. हा तीन वर्षांचा शिकाऊ गडी.

लय चांगला खेळवला त्यानं. मी शिकवलं होतं तसं, किंबहुना माझ्याहून सरस. घाई नाही, ओढाताण नाही. वीसेक मिनिटांनी मासा दमून कडेला आला तसा तो म्हणाला, "नाना, जाळी घे रं."

मी हातजाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलो. कटला जातीचा मासा होता. कुशीवर झालेला, तोंड उघडं, ओठात गळ स्वच्छ दिसत होता. एकेक खवला जुन्या रुपयाएवढा. बारा किलो. माझी नजर चुकत नाही, बाराच किलो. जाळी खाली सरकवायची आणि उचलायची, एवढंच काम होतं.

आणि मी तंगूस हातानं धरला.

गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, मोठा मासा कडेला आल्यावर दोऱ्याला हात लावत नाहीत. काठी वाकते म्हणून दोरा टिकतो. मुठीत धरला की माशाचा एकच हिसका पुरतो. मी घाईत धरला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. घाईत होतं माणसाकडनं, नाही का? पण घाईत धरणारा माणूस तळहाताभोवती वेढा देईल का? मी वेढा दिला. मासा जाणार हे मला ठाऊक होतं आणि तो जावा असंच मला वाटत होतं. हा मासा घेऊन दस्तगीर बाजारातनं जाणार, लोक विचारणार, आणि तो माझ्याकडं बोट दाखवून म्हणणार, ह्यांनी शिकवलं — तो तसंच म्हणाला असता, माझं मोठेपण वाढवलं असतं त्यानं — आणि तेच मला नको होतं.

मासा उसळला, हात कापल्यासारखा झाला आणि पाणी मोकळं झालं.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. जळलो, म्हटलं असतं. जळतात माणसं. माझी चूक झाली, दोऱ्याला हात लागला, असं म्हटलं असतं तर दस्तगीरनं दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा पाजला असता. पण मी तिथं थांबलो नाही.

त्याच्याकडं माझी पाठ होती. तंगुसाचं टोक माझ्या हातात होतं, सरळ, तुटलेलं. मागनं तो विचारत होता, "काय झालं?" आणि मी ते टोक अंगठ्याच्या नखावर दाबलं आणि जोरात ओढून काढलं. नायलॉन असा नखावरनं ओढला की कुरळा होतो. एकदा ओढला. कमी वाटलं, म्हणून परत ओढला. मग वळ उठलेला हात खिशात घातला, वळलो आणि म्हणालो, "गाठ सुटली रं."

हे ते. हेच सांगायचं होतं आणि एवढ्यासाठीच इतका फिरून आलो.

दस्तगीरनं टोक हातात घेतलं. उन्हात धरून बघितलं. मी शिकवलेलंच होतं की त्याला ते वाचायला. मला वाटलं होतं हळहळेल, कपाळावर हात मारील. तसलं काही केलं नाही. त्या कुरळ्या टोकावरनं त्यानं दोन-तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "माझी सुटली?" विचारल्यासारखं म्हणाला. मी मान हलवली.

त्यानंतरचं सगळं हळूहळू झालं, कुणाच्या ध्यानात येणार नाही असं. दुकानात तो एकच गाठ दोनदा सोडून परत मारायला लागला. गिऱ्हाईक ताटकळायचं. गाठवून झालेलं मंगळसूत्र हिसके देऊन बघायचा, मणी ओघळायचे, परत ओवायला बसायचा. दोन महिन्यांनी त्यानं दुकानाची गादी सुनेकडं दिली, रुबिनाकडं. पंचावन्न वर्षांचा माणूस, हातात कसला कंप नाही, डोळ्याला फक्त जवळचा साधा चष्मा. मी विचारलं, का रं? म्हणाला, "मासा गेला तर गेला, तळ्यात तरी हाय. उद्या एखादी बाई विहिरीवर वाकली आन् गळ्यातली गाठ सुटली, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

तेव्हा बोलायला हवं होतं. दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघंच होतो, वेळ होता, तिसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "वयानं हात जरा ढिले पडतातच, गड्या." तो म्हणाला, "व्हय." आणि उठून आत गेला.

आता ह्याच्या पुढचं सांगायला जास्त जड जातं. दुकान सुटल्यावर त्याला वेळच वेळ झाला. आठवड्यातनं एकदा येणारा दस्तगीर चारदा यायला लागला. मी गाडी घेऊन त्याच्या दारात जातो, तो थर्मास घेऊन तयार असतो. त्याच्या घरचा खर्डा, माझ्या घरच्या भाकरी. तासन् तास बोलणं नाही आणि बोलणं निघालं की थांबत नाही. पाण्यावर ऊन आलं की दोघंही मागं सरकतो, परत सावलीचा मान मलाच. माझी ही अकरा वर्षं सगळ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गेली. खोटं कशाला बोलू, झोप लागते मला. जेवण गोड लागतं. केलेलं डोक्यात असतं आणि तरी सकाळी गाडीला किक मारताना मी खूश असतो. तोही खूश असतो, दिसतं ते. पण त्याच्या आयुष्यातलं काय गेलं, ते त्याला ठाऊक नाही. मला आहे.

गेल्या महिन्यात आमच्या नातीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, "आवं, मंगळसूत्र दस्तगीरभाऊजींच्याच हातनं गाठवायचं. आपल्या घरात दुसऱ्याचा हात लागलेला न्हाई." आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "वहिनी, रुबिना चांगलं गाठवती. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई." बायको ऐकेना. आमचा भरवसा आहे ना, म्हणाली. तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "नाना, तू तरी सांग की वहिनीला."

मी सांगितलं. "कशाला आग्रह करतीस त्याला? म्हातारा झालाय आता तो," असं मी माझ्या बायकोला दस्तगीरसमोर सांगितलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, हसला. मंगळसूत्र रुबिनानं गाठवलं. छान गाठवलं तिनं. दस्तगीर शेजारी बसून बघत होता, त्याची बोटं मांडीवर आपसूक हलत होती.

मी त्याला हे सांगणार आहे का? नाही. सांगितलं तर तो कदाचित पोटात घालील, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात थर्मास घेऊन उभा असेल की नाही, ह्याची मला खात्री नाही. आणि ती सकाळ मला सोडवत नाही. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून काढणार नाही.

आजही गेलो होतो. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता, दोन चिलापी मिळाल्या. गळ बांधायचं त्यानं त्या दिवसापासनं सोडलंय, त्याच्या काठीची गाठही मीच मारतो. आजही त्यानं गळ आणि तंगूस माझ्या हातात दिला आणि पेंड मळायला बसला. मी गाठ मारून दिली. त्यानं घेतली आणि तशीच पाण्यात टाकली. मी मारलेली गाठ तो कधी ओढून बघत नाही.