गार गाठ

आमच्या तलवाड्याच्या शिवारात कुणाच्या शेळीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून टणक झाली, की जनावरांच्या डॉक्टरच्या आधी तारामावशींचं नाव निघतं. शेळी गुडघ्यांत धरून त्या कास चाचपतात. गरम लागली तर कोरफड, हळद अन् चुन्याचा लेप. गार लागली तर म्हणतात, "गार गाठीला भ्यायचं न्हाई. ती काय करत न्हाई." चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेल्या बाईशी कोण वाद घालणार? मी आरोग्य खात्याची गावची आशाताई, पण माझी सासूसुद्धा माझ्यापेक्षा त्यांचंच ऐकते.

स्वतःच्या छातीत गाठ लागली तेव्हा त्यांनी ती तशीच चाचपली. गार होती, दुखत नव्हती. सोडून दिली. पुढं कातडी आकसायला लागली तसा लेप सुरू केला. असं वर्ष गेलं. त्या वर्षात मी तपासणीचा कागद घेऊन त्यांच्या दारी दोनदा गेले होते. नवरा म्हाळूकाका ओट्यावर, शेजारी दोन माणसं. मी तिथंच विचारलं, "मावशी, छातीत गाठबिठ?" त्या म्हणाल्या, "न्हाई." मी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. बाईला आत नेऊन विचारायचं असतं, हे आम्हाला शिकवलेलं आहे. मला घाई होती. त्या घाईचा मला आजही संताप येतो, आणि तो दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

दिवाळीनंतर त्यांची सून रोहिणी धुणं अर्धवट टाकून माझ्याकडं आली. सासूच्या झंपरला आतून रक्ताचा डाग लागला होता. मी गेले, दार लावून घेतलं आणि झंपर काढायला लावला. हळदीनं पिवळी झालेली कातडी, आत ओढलेलं बोंड, काखेत आणखी एक गाठ. माझा आवाज चढला. "कावून दडवलं, मावशी? ही काय शेळीची कास हाय?"

"दुखतच न्हाई तर दवाखान्यात सांगू काय?" त्या शांतपणे म्हणाल्या.

बीडला सोनोग्राफी झाली, सुईनं गाठीचा तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट घेऊन मावशी आणि मी संभाजीनगरला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "कॅन्सर आहे, काखेपर्यंत गेलाय. आधी सलाइनमधून औषधं देऊ. गाठ लहान झाली की ऑपरेशन."

"मी वाचंल का?"

"उपचार अर्धवट सोडू नका, म्हणजे आशा आहे. वर्षभर आधी यायला हवं होतं."

"दुखली असती तर आले असते."

"ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, मावशी. म्हणूनच बायका उशिरा येतात."

तारामावशींचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता रडतील. मॅडमनी पुढं विचारलं, "घरात आणखी कुणाला अशी गाठ?"

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "स्वप्नालीला," त्या म्हणाल्या.

स्वप्नाली त्यांची लेक, शिरूर कासारला दिलेली. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते.

"दसऱ्याला आलती. उजवीकडं, बोराएवढी. म्या चाचपली. गार लागली. तरी डबीत लेप भरून दिला अन् टोळीसंगं जाऊ दिलं."

"साधीही असेल," मॅडम म्हणाल्या, "पण तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तिला लगेच बोलवा."

बाहेर बाकावर बसून मी फोन लावला. स्वप्नाली फडातच होती. मी सगळं सांगितलं, आईचं सोडून. ते माझ्या तोंडून निघेना. ती म्हणाली, "वहिनी, मुकादम मधीच सोडत न्हाई. अन् मला काय झालंय? आईनं बगितलीय की."

तारामावशींना ते ऐकू गेलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. आजूबाजूला सगळी माणसं बसलेली होती, तरी त्या मोठ्यानं बोलल्या.

"स्वप्ने, मला कॅन्सर झालाय. माजीबी गाठ म्याच बगितलती. मला यातलं काय बी कळत न्हाई. तू आजच निघ."