मंगळाआधी दहीभात

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत मिठागरातल्या खड्यांमधून जंतूंचा डीएनए काढतात. इतक्या खारट जागी कोणी जगत असेल, तर मंगळावरही कोणी तग धरून असेल, असा त्यामागचा विचार. प्रत्येक नमुन्यासोबत नुसत्या शुद्ध पाण्याची एक नळीही तपासायची असते. त्या पाण्यात जीव सापडला, तर समजायचं की ती आपलीच घाण.

एकदा नेमका त्या पाण्यातच डीएनए निघाला. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अभिनंदन. शुद्ध पाण्यात जीव निर्माण केलात आपण. देवाला कळवायचं का?"

त्यानंतर आठवडाभर मी दात-ओठ खात टेबलं पुसत होते. मग अहवाल आला. पाण्यातले जंतू चक्क दह्यातले होते. मला दह्याचा वासही सहन होत नाही. आमच्याकडे दहीभात आणतात ते एकटे सर, आणि तो हाताने कालवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाही. त्या दिवशी जेवण झाल्यावर "बघू जरा" म्हणत उघड्या हातांनी नळीचं झाकण काढलं होतं, तेही त्यांनीच.

मी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून मी हातमोजे घालेन."

शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमोजे घालून दहीभात कालवला, आणि तेच हातमोजे घालून ते नळ्या बघायला आले.