चौकार आणि पंपाचा ठराव

रखमाजीला ग्रामपंचायतीत शिपाई होऊन सोळा वर्षं झाली होती. कार्यालय झाडायचं, दवंडी द्यायची आणि सभेची वही घेऊन सह्यांसाठी हिंडायचं, ही त्याची कामं. आष्टीच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परतता येईल, एवढ्या अंतरावर त्याचं गाव. तिथल्या प्रत्येकाची सही त्याला ओळखू यायची. सही करताना कोण जीभ बाहेर काढतं, तेसुद्धा त्याला ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात गावाला एक हातपंप मंजूर झाला. पाणी बघायला आलेल्या साहेबांनी दोन जागी चुन्याची फुली मारली. एक सरपंच काकासाहेबांच्या गल्लीत, दुसरी वरच्या आळीत. यातली कुठली, ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. काकासाहेबांच्या गल्लीत आधीच एक पंप होता. वरच्या आळीच्या बाया माळापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. त्यांच्यात रखमाजीची बायको सगुणाबाईही होती. तिच्या टाळूवरचे केस चुंबळीच्या जागी विरळ झाले होते.

"अवो, या वेळेला तरी माणसं जमवा," ती म्हणाली.

"जमवतो. बिलकुल जमवतो."

सभेला शंभर माणसं भरली नाहीत तर ती तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला माणसांची अट नसायची. मग काकासाहेबांच्या घरची पाच-सात माणसं बसली की ठराव होऊन जायचा. हे रखमाजीनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शंभर माणसं समोर असली, तर एका गल्लीला दोन पंप आणि दुसऱ्या आळीला एकही नाही, हे कोणीतरी बोलेलच, असा त्याचा हिशेब होता.

सभेच्या दिवशीच भारत-पाकिस्तान मॅच होती. लोक येणार नाहीत म्हणून ग्रामसेवक आदल्या दिवशीच तहकुबीचा कागद तयार करून बसले. रखमाजीला उलटं सुचलं. शाळेतला रंगीत टीव्ही त्यानं कार्यालयाच्या ओट्यावर आणून ठेवला आणि दवंडी दिली, "सभा हाय होऽ! मॅचबी हाय होऽ! आधी सही, मंग मॅच!"

साडेतीनपर्यंत वहीत एकशे एकवीस सह्या झाल्या. पटांगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. रखमाजीनं वही ग्रामसेवकांपुढं ठेवली तेव्हा काकासाहेबसुद्धा हसले. "रखमाजी, तूच उभं राह्य आता सरपंचाला!"

चारच्या सुमाराला वारा सुटला. पडद्यावरची माणसं थरथरायला लागली.

"रखमाजी, वर जा! अँटिना धर! जल्दी!" देवानंद टेलर ओरडला.

रखमाजी कार्यालयाच्या छतावर चढला आणि दोन्ही हातांनी पाइप धरून उभा राहिला. "आलं, आलं! हालू नको!" खालून आवाज आला. तो हलला नाही. त्याला मॅच दिसत नव्हती. मॅच बघणारे चेहरे तेवढे दिसत होते. जळून गेलेली तूर, आजारी बैल, अडलेली सोयरीक, यांतलं काहीच त्या क्षणी त्या चेहऱ्यांवर नव्हतं. इतकी हलकी माणसं त्यानं लग्नातही पाहिली नव्हती. पटांगणाच्या कडेला वरच्या आळीच्या बाया उभ्या होत्या.

ओट्याच्या कोपऱ्यात ग्रामसेवक विषय वाचायला लागले.

"मॅच चालू द्या," काकासाहेब म्हणाले. "लोकांना कशाला तरास?"

चौथा विषय पंपाचा होता. "सरपंचांच्या गल्लीतील जागा. मंजूर असणारांनी हात वर..." ग्रामसेवकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चेंडू सीमेपार गेला. सगळं पटांगण हात वर करून उठलं.

ग्रामसेवकांनी काकासाहेबांकडं पाहिलं.

"लिवा की. हात वर झाले," काकासाहेब म्हणाले. "एकमतानं."

सगुणाबाई ग्रामसेवकांपुढं आली. "ते चौकाराला ओरडले, भाऊसाहेब! पंपाला न्हाई!"

"वहिनी, सरका बाजूला. दिसंना," देवानंद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. ती काय म्हणाली, ते त्याच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं.

रखमाजीनं पाइप सोडला. पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकशे एकवीस माणसं छताकडं बघून बोंबलली. तो जिन्यानं धावत खाली आला. "पंपाचं पुन्हा इचारा. बाया काय म्हणून राह्यल्या, ते आयका आधी!"

"आता कसं इचारायचं?" काकासाहेबांनी वही त्याच्यापुढं उघडून धरली. "सह्या तूच घेतल्या ना? बराबर हायत ना?"

सह्या बरोबर होत्या. प्रत्येक सही त्याला ओळखू येत होती. तेवढ्यात दुसरं कोणीतरी छतावर चढलं, चित्र आलं आणि लोक खाली बसले.

त्या रात्री सगुणाबाई त्याला लागेलसं काही बोलली नाही. "माणसं तर जमवली तुमी," एवढंच म्हणाली. ते त्याला जास्त लागलं. मॅच बघणाऱ्यांचा राग करावा, तर तेही त्याला जमेना. वर्षातून एखाद्या दिवशी माणूस स्वतःला विसरतो, त्यात काय वाईट, असं त्याला वाटायचं. फक्त त्या विसरण्याखाली आपण सह्या घेतल्या, हे त्याच्या मनातून जाईना.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी त्यानं सायकलच्या हँडलला दोन कॅन अडकवले आणि माळापलीकडच्या विहिरीवर गेला. बाप्यानं पाणी भरायची रीत वरच्या आळीत नव्हती. रहाटाजवळच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"काय भावजी, सभेचं बोलावणं घेऊन आल्ता का?" गिरिजाबाईनं विचारलं.

"न्हाई. पाणी न्यायला आलो."

"रोज येनार?"

"रोज."

मग तिनं आपली घागर पायानं जरा पुढं सरकवली. "मंग माझ्या मागं थांबा. पुढं सहा जणी हायत."

रखमाजीनं सायकल बाभळीला टेकवली आणि रांगेत उभा राहिला.