ताईंनी सांगितलं नाही ते

माझी मुलगी नववीत असताना एकाएकी मिटून गेली. राजुरीच्या शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. मैत्रिणी बोलवायला आल्या की मला म्हणायची, "डोकं दुखतंय म्हणून सांग." माझ्या मनात नको नको ते यायचं. मग कळलं, शाळेत दर गुरुवारी समुपदेशक ताई येतात आणि ही त्यांच्याकडे जाऊन बसते.

कांद्याची काढणी तशीच टाकून आम्ही नवराबायको शाळेत गेलो.

"ती काय बोलली ते सांगा," मी म्हणाले.

"तिला विचारल्याशिवाय नाही सांगता येणार," ताई म्हणाल्या.

नवरा चिडला. "आमी आईबाप हाय. आमच्या पोरीचं आमालाच सांगायचं न्हाई?"

"दादा, तिच्या जिवाला धोका असता, कुणी तिला त्रास देत असतं, तर मी त्याच दिवशी तुम्हाला बोलावलं असतं. तिलाही हे आधीच सांगून ठेवलंय. अजून बोलावलं नाही, यावरून काय ते समजा."

मी तिथेच बाकावर बसले आणि मला रडूच फुटलं. कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली होती. नवरा मात्र घरी येईपर्यंत धुमसत होता.

पुढच्या गुरुवारी ताईंचा फोन आला. मुलगी बोलायला तयार होती, पण फक्त आईशी. मी एकटीच शाळेत गेले.

"आई," ती खाली बघत म्हणाली, "वर्गातल्या सगळ्यांना पाळी आलीय. मलाच नाही."

मागे आमच्या रानात तण निंदायला आलेल्या बायका कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. तिला पाळीच येत नव्हती म्हणून सासरच्यांनी माहेरी धाडली. ते हिने ऐकलं, आणि आपल्यातही खोट आहे असं धरून बसली.

"अगं, मला दहावीत आली होती!"

"खरंच?" ती माझ्याकडे बघतच राहिली. ताईही हसल्या, पण एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या.

जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काळजीचं काही नाही, अजून थोडी वाट बघू, म्हणाल्या.

नवरा बाहेर गाडीपाशी उभा होता. "काय म्हनल्या?"

मी लेकीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, नको.

"सगळं ठीक आहे," मी म्हणाले.

"बरं झालं. लई घोर लागला व्हता," एवढंच तो म्हणाला आणि आम्हाला समोरच्या रसवंतीत घेऊन गेला. लेकीने रसवाल्याला बजावलं, "काका, लिंबू जास्त पिळा."