भाषण कोणी लिहिलं?

"खरं सांग पोरी, हे भाषण तुला कोणी लिहून दिलं?"

मृणालने हे माइकवरून विचारलं. चंद्रपूरच्या सभागृहात वादविवाद स्पर्धा चालू होती, ती परीक्षक होती, आणि माझी अकरावीतली विद्यार्थिनी पूनम स्टेजवर एकटी उभी होती. 'विकासासाठी जंगल तोडावंच लागेल' या विषयाच्या विरोधात ती नुकतीच बोलली होती.

"कोणीच नाई. माह्या मायचं सांगून राह्यली मी," पूनम म्हणाली.

"आईनं लिहिलं म्हणे," मृणाल बाकीच्या परीक्षकांना म्हणाली. सभागृह हसलं. पूनम खाली मान घालून उतरली.

मी तिसऱ्या रांगेत होते. उठायला हवं होतं. उठले नाही.

मृणाल आणि मी नागपूरला विद्यापीठात शिकताना एकाच खोलीत राहिलो. ती डॉक्टरांची मुलगी. मी बल्लारपूरच्या हमालाची. दोन वर्षं तिची भाषणं मी लिहिली. "तू लिहितेस छान, पण स्टेजवर शोभत नाहीस गं," ती लाडाने म्हणायची, आणि मीही ते लाडानेच घ्यायची. स्पर्धांत जिंकलेल्या ढाली तिच्या घरी गेल्या. एका सत्कारात तिने माझी ओळख करून दिली, "ही माझी लेखनिक." सगळे हसले. मीही हसले. अपमान आपला, आणि दातही आपणच काढायचे.

आज ती आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची सून आहे. मी त्याच संस्थेच्या धानोऱ्याकडच्या कॉलेजात तासिकेवर शिकवते. दर वर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर निघते, ती अध्यक्षांच्या मर्जीने. ऑर्डर गेली तर म्हातारी आई आणि मी कुठे जाणार, हे भय माझ्यासोबत रोज वर्गात येतं.

स्पर्धेनंतर परीक्षकांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. कागद तयारच होता. 'सदर भाषण शिक्षिकेने लिहून दिले आहे.'

"सही कर," मृणाल म्हणाली. "तुमच्या कॉलेजची टीम बाद होईल, विषय संपेल. तुझ्या नोकरीवर मी काही येऊ देणार नाही. मैत्रीण आहेस माझी."

आता गंमत बघा. भाषण विद्यार्थ्याचंच हवं, हा नियम. मास्तरांनी लिहून द्यायचं आणि पोरांनी घोकायचं, हा रिवाज. मीही आजवर तेच केलं. पूनमलाही लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने कागद परत आणला. "मॅडम, पाठ तं झालं. पण माहं वाटत नाई."

मग तिने स्वतःचं लिहिलं. मोहाची फुलं वेचणारी बाई वाकलेली असते. वाकलेला माणूस वाघाला जनावर दिसतो. म्हणून तिची माय थोड्या थोड्या वेळाने ताठ उभी राहते आणि बाकीच्या बायांना हाका मारते. जंगल विरळ होत गेलं, वाघ गावाजवळ आले, तशा तिच्या हाका वाढल्या. मला यातलं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं या भागात शिकवते, पण एकदाही पहाटे मोहावर गेले नव्हते.

मी पेन उचललं. खोटं कशाला बोलू, सही करायलाच उचललं होतं.

दारात पूनम उभी होती. "मॅडम, मी खोटं बोलली का?"

मला माझीच लाज वाटली. त्या छापील ओळीवर मी काट मारली. खाली लिहिलं, 'भाषण पूनमचे आहे. यातला एकही शब्द माझा नाही.' आणि पूर्ण नावाने सही केली.

"भाषणं मी लिहिलीत, मृणाल," मी म्हणाले. "दोन वर्षं लिहिलीत. पण हिची नाही, तुझी."

तरी टीम बाद झालीच.

परतताना बसमध्येच प्राचार्यांचा फोन आला. "सोमवारी अध्यक्षांना भेटा. माफीनामा सोबत आणा."

आज रविवार. माझी ऑर्डर जाणार, हे मला स्पष्ट दिसतं आहे. उद्या मी जाईन. पण माफीनामा नेणार नाही. भीतीपोटी मी आजवर पुष्कळ लिहून दिलं. यापुढे एक अक्षर देणार नाही.